डाव्या हाताचा ग्लोव्ह

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण या एकाची आठवण निघाली की माझा डावा हात आजही आपोआप अर्धवट मिटतो. नावं लिहीत नाही. संबंधित माणसं अजून इथेच, न्यू जर्सीत राहतात.

मी नागपूरहून आलो तेव्हा आधी गॅस स्टेशनवर काम केलं. नागरिकत्व मिळाल्यावर पोलीस अकादमीत गेलो आणि एडिसनजवळच्या एका लहान गावात डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून निवृत्त झालो. एक पायरी वर, लेफ्टनंट व्हायला हवा होतो. माझ्याकडून रिपोर्ट लिहायला शिकलेले दोघे झाले, मी राहिलो.

शाळेत मी विकेटकीपर होतो. त्यामुळे बेसबॉल बघताना माझी नजर कॅचरवरच जायची. बॅटरच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा तो. त्यात मला एका फार जुन्या कॅचरचा नाद लागला. त्याच्या काळात जाड ग्लोव्ह नव्हते. बोटं कापलेलं पातळ चामडं हातात चढवून तो मैदानात उतरायचा. बोटं मोडायची, वाकडी जुळायची, पुन्हा मोडायची. त्याने ज्यांचे चेंडू झेलले ते नावाजले गेले, याला कोणी विचारलं नाही. माझ्याकडे त्याची दोन कात्रणं होती आणि संघाचा एक फोटो. त्यातही त्याचा अर्धा चेहरा दुसऱ्याच्या टोपीमागे.

आणि अशा माणसाचा डाव्या हाताचा ग्लोव्ह आमच्याच गावात निघाला. त्याच्या पणतूकडे. हा पणतू म्हणजे एक म्हातारा, निवृत्त प्लंबर. घरातलं जुनं सामान विकायला त्याने गराज सेल मांडला होता, तिथे टेबलावर नावाच्या चिठ्ठीसह ग्लोव्ह दिसला तेव्हा मी खिशातलं पाकीट चाचपलं. पण मी आयुष्यभर घासाघीस करत वर आलेला माणूस. जी वस्तू हवी तिला आधी नावं ठेवायची, हे मी नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर शिकलो होतो.

"ही चिंधी कोण घेणार? या माणसाचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही," मी म्हणालो.

सीताबर्डीतल्या दुकानदाराने ओळखलं असतं की गिऱ्हाईक अडकलंय. म्हाताऱ्याने ग्लोव्ह उचलून डब्यात ठेवला. "मग तुला कशाला हवाय?" नंतर दोनदा त्याच्या घरी गेलो, बाहेरूनच वाढवून किंमत बोललो. दार उघडलं नाही.

पुढे काही वर्षांनी त्याच म्हाताऱ्याची तक्रार आली की ग्लोव्ह चोरीला गेला. मी माझ्या वरिष्ठाला, कॅप्टनला सगळं आधीच सांगितलं, की ही वस्तू मला स्वतःला हवी होती. तो हसला. "तो कॅचर कोण हे या बिल्डिंगमध्ये फक्त तुला माहीत आहे. तूच जा."

दार फोडलेलं नव्हतं, कुलूप शाबूत होतं. आठवड्याभरात गावातल्या अँटिक दुकानदाराचा फोन आला. "तुमच्याकडचा एक जण आला होता. जुना बेसबॉल ग्लोव्ह कशात जपून ठेवायचा विचारत होता. फोन नंबर ठेवून गेलाय." तुमच्याकडचा म्हणजे भारतीय.

पिस्कॅटवेला नोकरी करणारा पुण्याचा आयटीवाला निघाला. बोलावल्यावर स्वतःहून आला, बुटांच्या खोक्यात मऊ कागदात गुंडाळलेला ग्लोव्ह घेऊन. मी त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले, सही घेतली. रेकॉर्डिंग चालू केलं. मराठीत बोलू का, असं त्याने विचारलं. हो म्हणालो.

"कुठून आणलास?"

"आजोबांनी दिला, काका."

"इथे काका नाही. सार्जंट. कुणाच्या आजोबांनी?"

"म्हणजे त्यांनीच. मी त्यांना आजोबा म्हणतो. दर संडेला जातो, ते गोष्टी सांगतात."

"किती दिलेस?"

"किंमत विचारलीच नाही."

मी टेबलावर हात आपटला. "फुकट कोण देतं रे? ते म्हणतात चोरीला गेला!"

तो हळू म्हणाला, "ते विसरतात हल्ली. पण त्यांच्या मुलीला सांगू नका, प्लीज. ती त्यांना वृद्धांच्या होममध्ये ठेवेल."

"आता म्हाताऱ्याला वेडा ठरव."

"सार्जंट, केस झाली तर माझा व्हिसा जाईल. मुलगी दुसरीत आहे. तरी मी दुसरं काय सांगू?"

खोटं बोलणाऱ्याकडे उत्तरं जास्त असतात, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. याच्याकडे एकच उत्तर होतं. मला ते दिसत होतं आणि बघायचं नव्हतं. मला चोर हवा होता. ज्याच्या दारातूनही मी आत जाऊ शकलो नाही, त्याच्याकडून कुणीतरी तो ग्लोव्ह फुकट मिळवावा, हे मला सोसत नव्हतं.

त्याला थांबायला सांगून ग्लोव्ह पुराव्याच्या पिशवीत घातला आणि ओळख पटवायला म्हाताऱ्याकडे गेलो. त्याची मुलगी स्वयंपाकघरात होती. म्हातारा खिडकीशी बसला होता. मी पिशवी उघडताच त्याचा चेहरा उजळला.

"परत का आणलास? तुलाच दिलाय ना मी!"

त्याने ग्लोव्ह घेऊन माझ्या डाव्या हातात चढवला. चामडं थंड होतं, मग हळूहळू उबदार झालं. अनामिकेची जागा एका बाजूला कलली होती, त्या मोडक्या बोटाने कलवलेली. इतकी वर्षं जे हवं होतं ते हातात होतं.

"कुणाला दिलात?" मी कसंबसं विचारलं.

"तुला! रविवारी येतोस, पणजोबांच्या बोटांबद्दल विचारतोस. कधी किंमत विचारली नाहीस." मग पुढे झुकून म्हणाला, "एक पोलीस यायचा, तुझ्यासारखाच. चिंधी म्हणाला याला. त्याला मात्र देऊ नकोस हं."

दारात त्याची मुलगी हातात पुसायचं फडकं घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मी ग्लोव्ह काढला, पिशवीत घातला, वेळ लिहिली. तक्रार निराधार म्हणून बंद झाली. ग्लोव्ह त्या पुणेकराला सही घेऊन परत दिला. उन्हाळा संपायच्या आत म्हाताऱ्याचं घर विकलं गेलं. तो होममध्ये गेला. पुणेकर तिथेही रविवारी जायचा. मी गेलो नाही.

निवृत्तीच्या दिवशी मी कॅप्टनला विचारलंच, लेफ्टनंट मला का केलं नाही. तो चकित झाला. "तू तर सगळ्यांना सांगत फिरायचास की लेफ्टनंटच्या त्या पट्ट्यांत काय ठेवलंय. आम्हाला वाटलं, तुला नकोच आहे." माझा राग अजून गेलेला नाही, पण तो कुणावर धरायचा ते आता नीट ठरत नाही. हवं ते हवं म्हणून सांगायला मी कधी शिकलोच नाही. या केसने एवढं दाखवलं, तेही उशिरा.

पुणेकर आता एडिसनमध्येच राहतो. मी कधीमधी चहाला जातो. ग्लोव्ह त्याच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत आहे. दर वेळी तो पेटी उघडतो. "काका, घाला ना एकदा. तुम्ही कधीच घातला नाही."

"राहू दे," मी म्हणतो.

एकदा घातलाय, तुझ्या नावावर, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.