पिस्तुलावरचं कुंकू

तुमच्या बाबांनी फोनवर तुम्हाला सांगितलं, की आजीला जर्मन पोलिसांनी बंदुकीसकट पकडलं. तसं काहीही झालेलं नाही. ती बंदूक नव्हती, तुमच्या आत्याचं नेमबाजीचं पिस्तूल होतं, आणि पकडलं तर कुणालाच नाही. गेल्या वर्षी काय झालं ते क्रमाने लिहिते.

मी इथे हॉलंडमध्ये, बेस्ट नावाच्या गावी, आत्याकडेच राहते, त्यामुळे या पिस्तुलाची शिस्त मला ठाऊक आहे. पिस्तूल एका तिजोरीत, गोळ्या दुसऱ्या कुलपात. पोलीस घरी येऊन तपासून जातात. एक चूक झाली, तरी परवाना जाऊ शकतो. तो मिळवायला आत्याने क्लबात कित्येक महिने घालवले होते. त्यामुळे जर्मनीतल्या स्पर्धेला गाडीने जायचं ठरलं, तेव्हा परवाना, सीमेपलीकडे शस्त्र नेण्याचा पास आणि आमंत्रणपत्र अशी यादी तिने केली आणि मी ती दोनदा तपासली.

निघायचा दिवस नेमका खंडेनवमीचा. पहाटेच उठून मी आत्याचा लॅपटॉप, माझी शिवणाची कात्री आणि आमच्या दोन्ही सायकलींची पूजा केली. त्याचा फोटो तुम्हाला पाठवला होता. तुम्ही त्यावर अंगठा टाकलात.

आत्या पिस्तूल पेटीत ठेवत होती.

"याचीही करू या की गं," मी म्हणाले.

"आई, फक्त एक फूल. आणि हात लावायचा नाही."

तिने गोळ्यांच्या डब्याला कुलूप लावायला पाठ फिरवली. तेवढ्यात मी ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं आणि चार अक्षता टाकल्या. हात लावला नाही, बोट लावलं, अशी मनाची समजूत घातली. तिने वळून घड्याळ पाहिलं, पेटीत न बघताच झाकण लावलं आणि आम्ही निघालो.

सीमेवर गाड्यांची रांग होती. एक उंच पोलीस बाई खिडकीशी आल्या. आत्याने विचारण्याआधीच सांगितलं, की मागे पिस्तूल आहे, कागद हे आहेत. बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. पासावरचा नंबर पिस्तुलावरच्या नंबराशी जुळवायचा होता. पेटी उघडली. मी नेमकं त्या कोरलेल्या नंबरावरच बोट टेकवलं होतं. शेवटचे तीन आकडे लाल-पिवळ्या लेपाखाली गेले होते.

आत्याने पुसायला हात पुढे केला.

"हात मागे!" बाई म्हणाल्या.

नंतर आत्याने सांगितलं, की नंबर झाकलेलं शस्त्र म्हणजे पोलिसांच्या दृष्टीने चोरीचं शस्त्र. आयुष्यभर मी तुम्हाला वस्तू जागच्या जागी ठेवायला शिकवलं, आणि माझ्या बोटाने मुलीचा परवाना घालवला, एवढंच तेव्हा मला दिसत होतं.

मदत करावी म्हणून मी खाली उतरले आणि शाळेत घोटलेल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "आज आम्ही शस्त्रांची पूजा करतो."

घरात हे वाक्य किती साधं असतं! तिथे, उघड्या पेटीसमोर, ते म्हटल्याबरोबर बाईंनी आपल्या सहकाऱ्याला हाक मारली.

"आई, तू गाडीत बस," आत्या दात आवळून म्हणाली. "कृपा कर."

मी बसले नाही. फोन काढून तुम्हाला पाठवलेला फोटो शोधला आणि बाईंपुढे धरला. "शस्त्रं म्हणजे कामाची हत्यारं, अवजारं. ही माझी कात्री. हा तिचा लॅपटॉप. आणि या सायकली." हँडलला झेंडूची माळ आणि घंटीवर कुंकवाचा ठिपका होता.

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. सहकाऱ्याला दाखवला. "सायकलचीही?" त्याने विचारलं.

"आम्ही हॉलंडमध्ये राहतो," मी म्हणाले.

तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजे घातले, माझ्याकडचा ओला रुमाल मागून घेतला आणि स्वतः नंबर पुसला. मग एकेक आकडा मोठ्याने वाचत पासाशी जुळवला. शेवटचा आकडाही जुळला. कागद परत देताना त्या आत्याला म्हणाल्या, "पुढच्या वेळी आईंना पेटीपासून लांब ठेवा."

स्पर्धेआधी पिस्तुलं तपासतात, त्या तपासणीला आम्ही कशाबशा वेळेत पोचलो. नेम धरण्याआधी आत्याने सगळं पिस्तूल उघडून साफ केलं. वाटेत ती माझ्याशी फक्त एकदाच बोलली होती. "अक्षतेचा दाणा नळीत गेला असता तर, आई?"

या वर्षी मी पूजेचं ताट घेऊन स्वयंपाकघरातच थांबले. आतून तिची हाक आली, "ये आई, कुलूप लावलंय." मी बंद पेटीवर एक फूल ठेवलं, नमस्कार केला, आणि तिने पेटी उचलण्याआधी ते फूल स्वतःच काढून घेतलं. मग दिव्याखाली पेटी फिरवून नीट पाहिली. एक पाकळी कडीत अडकली होती. तीही काढली.