दुपारी अडणारा कॉम्प्युटर

दादानं नेवाशात कॉम्प्युटर क्लास काढला, ते वडिलांच्या निवृत्तीचं वर्ष. वडील पाटबंधारे खात्यात होते. दादानं नगरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि नोकरीसाठी अर्ज करून करून तो गप्प झाला होता. क्लासची कल्पना वडिलांचीच. स्टँडकडून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या मिळाल्या, नगरच्या एका दुकानातून कॉम्प्युटर आला, आणि उद्घाटनाला आमच्या विहारात येणारी सगळी माणसं आली. धूळ चालत नाही म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. पडद्यावर दादानं प्रत्येकाचं नाव टाइप करून दाखवलं. वडील मागं उभे होते. त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

मी तेव्हा बारावी होऊन घरीच होते. फी घेणं, खिडक्यांचे पडदे धुणं, वेळा लावणं ही कामं माझी. दादा शिकवायचा, ते ऐकून मीही शिकले.

सकाळी कॉलेजची मुलं येत. दुपारी एकच बाई यायच्या, सोनईजवळच्या एका वस्तीवरून, एसटीनं. वयानं दादापेक्षा मोठ्या. नवरा कारखान्यात हंगामी कामाला. आम्ही दोघं त्यांना वहिनी म्हणायचो आणि त्या दादाला सर. त्यांच्या गावाजवळच्या एका शाळेत लिपिकाची जागा निघणार होती आणि टायपिंग कॉम्प्युटरवर येणाऱ्याला घेऊ, असं तिथल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. सकाळी त्यांना धारा, स्वयंपाक, पोरांची शाळा. संध्याकाळी परत धारा. मधली दुपार तेवढी त्यांची.

मार्च सरत आला आणि कॉम्प्युटर दुपारी अडायला लागला. सकाळी व्यवस्थित चाले. बारानंतर टाइप करता करता बाण जागच्या जागी थांबायचा, कळा दाबून काही व्हायचं नाही. कधी पडदा काळा होऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. वहिनींचं अर्धं पान जायचं.

"माझंच काय चुकतंय का, सर?" त्या विचारायच्या.

"न्हाई वहिनी. यालाच काहीतरी झालंय," दादा म्हणायचा.

आधी त्याला व्हायरस वाटला. सगळं पुसून त्यानं विंडोज नव्यानं टाकलं. फरक पडला नाही. मग विजेवर संशय. आमच्याकडे दुपारी दिवे मंद व्हायचे, म्हणून स्टॅबिलायझर आणला. फरक नाही. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या. दोन दुपारी बऱ्या गेल्या, आम्ही सुटलो असं वाटलं, आणि तिसऱ्या दुपारी वहिनींचं पान पुन्हा गेलं.

मग दादानं कॅबिनेट उघडलं. कडेला दुकानाचं कागदी सील होतं, ते फाटलं. आत प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा पत्तीदार ठोकळा आणि त्यावर काडेपेटीएवढा पंखा. पंखा फिरत होता, पण जड फिरत होता. दादानं ठोकळ्याला बोट लावलं आणि लगेच मागं घेतलं.

"हात लावून बघ," तो म्हणाला.

मी लावला. तव्याच्या कडेला लागावा तसा चटका बसला.

रोग सापडला म्हणून आम्हाला उलट बरंच वाटलं. पंख्यातली धूळ ब्रशनं काढली, आईच्या शिलाई मशीनचं तेल घातलं. मग नगरहून नवा पंखा आणला. कॅबिनेटचं झाकण काढूनच ठेवलं आणि घरचा टेबल फॅन शेजारी स्टुलावर लावला. खिडकीला ओलं पोतं बांधलं. पण वरून पत्रा तापायचा आणि फॅन तीच गरम हवा आत ढकलायचा. कॉम्प्युटर बाराऐवजी एक वाजता अडायला लागला, एवढाच फायदा.

शेवटी दादा आणि मी तो घेऊन नगरला गेलो. कॅबिनेट चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतलं होतं. दुकान मोठं होतं, काचेच्या दाराचं, आत एसी. मालक बोलायला चांगला होता. त्यानं आम्हाला चहा मागवला आणि कॉम्प्युटर टेबलावर जोडून सुरू केला. दुपारभर तो चालला. एकदाही अडला नाही. दादा उभाच होता, डोळे पडद्यावर. मी आयुष्यात पहिल्यांदा तो बंद पडावा म्हणून वाट बघत होते.

"बघा, चालतोय की," मालक म्हणाला. "तुमच्याकडे जागेचा प्रॉब्लेम आहे. एसी बसवून घ्या."

"आमच्याकडं पत्र्याची खोली हाय," दादा म्हणाला. नगरला तो शुद्ध बोलायचा, त्या दिवशी विसरला.

"मग काय करणार," मालक हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नेवाशात दुपारी तो अडला. वहिनी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. दादानं त्यांना कागदावर कीबोर्ड काढून दिला आणि त्या कागदावर बोटं चालवून सराव करायला सांगितलं. त्या करायच्या. लग्न झालेली, दोन पोरांची आई, बंद पडद्यासमोर कागदावर बोटं नाचवायची आणि मधून मधून ओठांतल्या ओठांत अक्षरं म्हणायची. मला तिकडं बघवायचं नाही.

त्या आठवड्यात दादानं ठोकळाच काढला. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये पांढरी पेस्ट असावी लागते, उष्णता वर जायला. ती नव्हतीच. दादाचा चेहरा उजळला. त्याच्या एका मित्राकडं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तसली पेस्ट होती. ती लावण्याआधी त्यानं कापसाला स्पिरिट लावून प्रोसेसरचा माथा पुसला. कापूस काळा झाला. छापलेली अक्षरं, वेगाचा आकडा, सगळं कापसावर आलं. खाली घासल्याच्या बारीक रेघा होत्या.

दादानं तो कापूस दाराच्या उजेडात धरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हा आपण घेतलेला न्हाईच," तो म्हणाला. "खालच्या वेगाचा हाय. वरचं खरवडून मोठा आकडा छापलाय, आणि बोर्डावरच्या पिना बदलून त्याला जोरात पळवलाय. तापंल न्हाई तर काय."

तो एकटाच पुन्हा नगरला गेला. परत आला तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय म्हनला?"

"सील तुटलंय म्हनला. अक्षरं तुम्हीच पुसली म्हनला."

"तू सांगितलं का न्हाई नीट?"

"सांगितलं, आबा. चहा पाजला त्यानं परत."

आपण दोघं मिळून जाऊ, असं वडील म्हणतील असं मला वाटलं होतं. ते उठून आत गेले.

दादानं बोर्डावरच्या पिना बदलून प्रोसेसर त्याच्या मूळ वेगावर आणला. तेवढं तो करू शकत होता. दुपारी ठोकळ्याला बोट लावलं तर नुसता कोमट लागायचा. वहिनींना दोन-तीन दुपारी सलग टाइप करता आलं. संथ का होईना, चालत होतं. एकदा त्यांनी पूर्ण अर्ज टाइप केला आणि छापलेला कागद घडी न करता पिशवीत ठेवून घरी नेला, नवऱ्याला दाखवायला.

पण इतके महिने तापून त्याच्यात काहीतरी कायमचं गेलं होतं. मे महिन्यात तो थंड असतानाही अडायला लागला. आधी दुपारी, मग सकाळीही. कॉलेजच्या मुलांना स्टँडजवळ नवा क्लास सापडला. तिथं चार कॉम्प्युटर होते. ती न सांगता कमी झाली. वहिनी मात्र येत राहिल्या. दादा त्यांना म्हणाला, "वहिनी, तुमी त्या क्लासला जा. तिथं होईल तुमचं."

"तिथं दुपारचं बंद असतं, सर," त्या म्हणाल्या. "जेवायची सुट्टी."

जूनमध्ये शाळेनं त्यांना बोलावलं. त्या परीक्षा देऊन थेट आमच्याकडं आल्या. मी पाणी दिलं. दादानं विचारलं, कसं गेलं.

"मशीन लई भारी हुतं," त्या म्हणाल्या. "एकदा पन अडलं न्हाई. माझी बोटं आपली थांबायची. आता बंद पडंल, आता बंद पडंल, असंच वाटायचं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "तसं पन तिथली शिपाईन म्हनत हुती, मानूस आधीच ठरलंय. कुनाचा तरी भाचा हाय."

त्या दिवशी दादानं त्यांना स्टँडपर्यंत सोडलं. एसटी सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा राहिला. वहिनी पुन्हा आल्या नाहीत. सोनईच्या बाजारात वर्षभरानं मला एकदा भेटल्या. सरांचं बरं चाललंय का, एवढं विचारलं आणि भाजीकडं वळल्या.

कॉम्प्युटर श्रावणात एका सकाळी सुरूच झाला नाही. दादानं सगळं उघडून पाहिलं, मग परत झाकण लावलं, स्क्रूसुद्धा नीट आवळले. खोल्या सोडल्या. तो पुण्याला एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागला. तिथं तो नटबोल्ट मोजून देतो. डिप्लोम्याचं कुणी विचारत नाही.

माझं लग्न संगमनेरला झालं. पुढं आमच्याकडंही कॉम्प्युटर आला. एका दिवाळीला दादा आला असताना कॉम्प्युटर मधेच अडला. "दादा, बघतोस का जरा?" मी आतून म्हटलं. बाहेर येऊन पाहिलं तर तो फाटकाशी उभा होता, रस्त्याकडं तोंड करून. मी पुन्हा विचारलं नाही.