चढावरची हाळी

माझा गळा कुठं तयार झाला यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. गुरुजींच्या घरी म्हणे! अहो, गुरुजींनी तो घासूनपुसून नीट केला; दिला आईआप्पांनी. नंदिगड्ड्याला, गावाच्या वरच्या अंगाला, रानाच्या कडेला आमचं घर. आई भात कांडताना गायची आणि मधेच मुसळ थांबवून मला विचारायची, "चुकलं व्हय रं?" मी पाच वर्षांचा शहाणा, सांगायचो, "चुकलं की." मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

आप्पा हाळी घालायचे. रानातून मोठा ओंडका ओढायचा म्हणजे वीस-बावीस माणसं दोराला लागतात आणि एकजण पुढं उभा राहून ओळ घालतो. कधी कुणाच्या टकलावर, कधी कुणाच्या सासुरवाडीवर. माणसं हसत 'हो' म्हणून दोर खेचतात. चढावर मात्र हाळी थांबता कामा नये. थांबली की ओढ सुटते, ओंडका मागं येतो. आप्पांची हाळी कधी थांबली नव्हती. गावात त्यांना मान होता तो तेवढाच.

गुरुजींकडे सहा वर्षं काढून मी घरी आलो तो आठ दिवसांसाठी. नंतर लगेच धारवाडला माझी पहिली मैफल. मोठ्यानं बोलायचंसुद्धा नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं. आईनं ते असं मनावर घेतलं की विचारू नका! ताक बंद, चिंच बंद. लोणच्याकडं नुसतं बघितलं तरी ओरडायची. मुडलीचा कंद तुपात परतून भरवायची, आणि कुणी बोलायला आलं तर मी मुका असल्यासारखी माझ्या वतीनं उत्तरं द्यायची. मला लाज वाटायची, आणि खरं सांगतो, बरंही वाटायचं.

त्याच आठवड्यात देवळाची तुळई ओढायची निघाली. आप्पांच्या छातीत कफ साठलेला. गडी म्हणाले, "गवई घरात हाय की! त्यो घालंल हाळी."

आप्पा कडाडले, "त्येचा गळा आता त्येचा न्हाई. धारवाडला न्यायचा हाय. मी हाय न्हवं अजून?"

घातलीच त्यांनी. तुळई निम्म्या चढापर्यंत आली आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. आप्पा गुडघ्यावर बसले. हाळी थांबली. दोर ढिला पडला, तुळई हातभर मागं सरकली आणि मागून रेटणारे दोघे किंचाळले. मी नुसता उभा. आणि आठवडाभर मला ताकाचा थेंब लागू न देणारी माझी आई गड्यांसाठी आणलेलं आंबिलीचं मडकं टाकून ओरडली, "बघत काय ऱ्हायलास मुडद्या! घाल की हाळी!"

घातली. बेंबीच्या देठापासून घातली. लहानपणी ऐकलेल्या आप्पांच्याच ओळी, एकामागून एक. माणसं ओढत गेली, मी ओरडत गेलो. तुळई वर पोचली तेव्हा घशात रक्ताची चव होती. दुसऱ्या दिवशी आवाज गेला, साफ गेला.

आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "माझ्यापायी मैफल घालवली ह्येनं," असं आईजवळ म्हणून रडले. मी पडवीत ऐकलं. निघायच्या दिवशी मात्र माझं गाठोडं घेऊन ओढ्यापर्यंत आले. ते माझ्या खांद्यावर देत म्हणाले, "माझ्यापरीस बरी घातलीस."

मला म्हणायचं होतं, आप्पा, तुमचीच होती ती. तोंड उघडलं, तर नुसता वारा. ते हसले. "गप ऱ्हा, गळा राख," म्हणाले आणि माघारी वळले.

धारवाडची मैफल दुसऱ्या शिष्यानं केली. माझा आवाज महिन्यानं परत आला, पण गुरुजींनी मला गावी सोडलं नाही, आणि आप्पा त्याच पावसाळ्यात गेले. पुढं मैफली पुष्कळ झाल्या, लोकांनी डोक्यावर घेतलं. आप्पांना सांगायचं ते सांगायचंच राहिलं.