माझी कानस

मोरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिखलीला मुलीकडे होतो. अशा वेळी पहिला विचार काय यावा? माझी कानस त्यांच्याकडेच राहिली... माझी मलाच लाज वाटली.

सर माझे शेजारी. अमडापूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूमिती शिकवली. घरात खिळा ठोकायला मात्र मला हाक मारायचे. अशा माणसानं निवृत्तीनंतर सुरी करायला घेतली, ती वहिनींच्या गुडघ्यांपायी. त्या विळीवर बसल्या की उठवायला दोन माणसं लागत. उभ्यानं चिरायचं तर बाजारातली सुरी त्यांच्या आखडलेल्या बोटांत टिकेना. सरांनी भाजी चिरून द्यायची तयारी दाखवली, पण आपल्या स्वयंपाकात दुसऱ्याचा हात वहिनींना कधीच चालला नाही. एक दिवस त्या चिडून रडल्या आणि सरांनी माझ्याकडे कानस मागितली.

आठवड्यानं पुन्हा दारात. "रशीदभाई, आणखीन एक कानस आहे का?"

"पहिलीले काय झालं?"

"तिलेच तर घासून राह्यलो."

जुन्या कानशीची सुरी उत्तम होते, असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. माझी कानस गोवऱ्यांच्या विस्तवात लाल करून, राखेत निववून मऊ केली होती आणि आता आलेखाच्या कागदावरच्या आकृतीबरहुकूम ती झिजवणं चाललं होतं. मी दुसरी दिली. मग सरांनी पातं पुन्हा तापवून तेलात बुडवलं. पापडासाठी ठेवलेलं फल्लीतेल, तेही न विचारता. भडका उडाला, डावी भुवई गेली. "कडक झालं पण!" सर आनंदानं ओरडले. वहिनी जे बोलल्या ते इथं छापता येणार नाही.

मुठीसाठी त्यांनी वहिनींना कणकेचा गोळा मुठीत दाबायला लावला. बोटांचा साचा झकास उमटला. तो ओट्यावर ठेवून सर मोजपट्टी शोधायला गेले, गप्पांत रमले, येऊन जेवले आणि मग साचा शोधू लागले.

"आता काऊन शोधता? तुमीच तर खाल्ला," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर पंधरा दिवस बाभळीचं लाकूड रोज जरासं घासायचं, त्यांच्या हातात द्यायचं, कुठं टोचतं ते विचारायचं. शेवटी एका सकाळी वहिनींनी उभ्यानं वांगी चिरली. भाजी खारट झाली होती. सरांनी तीनदा वाढून घेतली.

परवा भेटायला गेलो तर वहिनींनी फडक्यात गुंडाळलेली सुरी पुढं केली. "यायनं सांगून ठेवलं होतं, भाऊची कानस वापस करजो."

मी ती धरून पाहिली. मूठ माझ्या हातात बसेना. कुठला खळगा कुठल्या बोटाचा, तेच कळेना. तेव्हा कुठं मला रडू आलं.

"ही माझी नाही, वहिनी. माझी सरळ होती."

त्यांनी सुरी परत घेतली. बोटं आपसूक जागच्या जागी बसली. "जेवल्याबिगर जायचं नाही," असं म्हणून त्यांनी कांदा घेतला आणि ओट्याशी उभ्या राहिल्या.