लाईट जायची वाट

बंगळूरला बसवनगुडीतल्या आमच्या ऑफिसात बेळगावकडचा एक माणूस आला. लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारं बॅटरीचं यंत्र त्यानं बनवलं होतं. आतलं सर्किटही त्याच्याच डोक्यातलं. साहेब म्हणाले, "पाचपर्यंत दाखवा, नाहीतर दुसरीकडून घेतो."

मी प्लग काढायला वाकलो, तर त्यानं माझा हात धरला. "तसं नको अण्णा, ते नाटक होईल. लाईट आपोआप जाऊ द्या की. स्वल्प थांबा."

एरवी दिवसातून दोनतीनदा जाणारी लाईट नेमकी त्या दिवशी जाईना. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा तो यंत्राला हात लावून बसून होता. पाच वाजत आले तसं मला राहवेना. मी गुपचूप मेन स्विच पाडला. पंखे थांबले, कॉम्प्युटर चालूच! साहेब खूश.

तो मात्र खिडकीतून समोरच्या घरात बघत होता. "तिथला पंखा फिरतोय. ही गेली नाही अण्णा, कुणीतरी घालवली. मी उद्या येतो. बंगळूरवर माझा विश्वास आहे."

"सरी, ठीक आहे," साहेब हसले, "पण उद्याचा एकच दिवस."

संध्याकाळी घरी मी देवापुढे हात जोडून म्हणालो, उद्या लाईट जाऊ दे. शेजारच्या खोलीत माझी मुलगी दिव्याखाली दहावीचा अभ्यास करत होती.