ढेरपोट्या माळ्याची कॅसेट

सलूनवाल्याचा हात हलका, पण स्वभाव उतावळा. गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून त्याने बाकासमोर मुलाचा जुना व्हिडिओ गेम मांडला होता. सगळ्यांना हवी गाड्यांची शर्यत. ढेरपोट्या माळ्याच्या कॅसेटला काळं कुत्रं विचारत नव्हतं. अपवाद एकच, क्रेन चालवून निवृत्त झालेले आजोबा.

त्या खेळातल्या माळ्याला धड उडीही मारता येत नसे. शत्रू समोर आला की हा झारीने त्याच्यावर पाणी घाली आणि शत्रू उभ्याउभ्या पेंगू लागे. आजोबा त्यात रमून जात. दाढी घटकाभराची, बैठक दुपारभराची. बाक अडतो म्हणून सलूनवाल्याचं डोकं फिरे.

कॅसेट लावण्याआधी आजोबा तिच्यात जोरात फुंकत. त्याशिवाय ती चालतच नाही, अशी त्यांची पक्की समजूत. एका दुपारी सलूनवाल्याने ती टॉवेलांच्या खणात लपवली आणि ठोकून दिलं, "आजोबा, ती बिघडली."

आजोबा "बरं" म्हणून गेले, ते पुन्हा फिरकलेच नाहीत.

बाक मोकळा झाला, पण सलूनवाल्याला चैन पडेना. एकदा दुकान रिकामं असताना त्याने स्वतःच कॅसेट लावली. माळी पडायचा, उठायचा, कपडे झटकायचा. त्याला नुसतं उभं ठेवलं, तर पठ्ठ्या बादली पालथी घालून बसायचा, घाम पुसायचा, आणि शेजारी एक चिमणी येऊन टेकायची. खेळाला कसलीच घाई नव्हती. दारात गिऱ्हाईक खाकरलं तेव्हा कुठे तो भानावर आला. आपण म्हाताऱ्याचं काय हिरावून घेतलं ते त्याला कळलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

कात्री पिशवीत टाकून तो आजोबांच्या घरी गेला. त्यांचे केस कानांवर आले होते.

"दुकानात का येत नाही?"

"कुठल्या तोंडाने येऊ? तुमच्या मुलाची वस्तू, माझ्या फुंकण्याने गेली. सून कधीची सांगत होती, बाबा, थुंकी उडते तुमची."

खरं सांगायला आलेला माणूस पिशवीतली कात्री चाचपू लागला. "दुरुस्त करून आणलीय," तो म्हणाला. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचं ठिगळ लागलं.

आजोबा पुन्हा येऊ लागले. आता सलूनवालाच म्हणतो, "बसा की अजून." पण कॅसेट लावताना ते तोंडावर रुमाल धरतात, श्वास रोखतात आणि आरशातून त्याच्याकडे बघत विचारतात, "लावू ना? काही होणार नाही ना तिला?"

"नाही होणार," सलूनवाला म्हणतो, आणि गिऱ्हाइकाच्या मानेवरचा वस्तरा जरा वेळ उचलून धरतो.