फ्रीजचा टायमर आणि कावळा

डिंगोऱ्याला आमचं दूध-पनीरचं दुकान. त्यात काचेच्या दाराचा मोठा फ्रीज. त्याच्या पाठीमागं खाली एक डबी, डबीत आकड्यांची तबकडी. तो टायमर. फ्रीजच्या आतल्या नळ्यांवर बर्फ चढतो. ठरल्या वेळी टायमर गारवा बंद करून हीटर लावतो, बर्फाचं पाणी होऊन ट्रेमध्ये पडतं. आमच्या हिनं ती वेळ दुपारची लावली होती, गिऱ्हाईक नसतं तेव्हाची.

पण लाईट गेली की तबकडीही थांबते, आणि आली की थांबली तिथून पुढं चालते. मग दुपारचं काम संध्याकाळी, नेमकी दुधाची गर्दी, दार सारखं उघडं, माल आंबतो. म्हणून दर वेळी लाईट आली की भिंतीवरचं घड्याळ बघून तबकडी हातानं पुढं सरकवायची. आणि आमच्याकडं लाईट दिवसातून एकदाच जाते का राव!

हे काम तिचं. मी फ्रीजमागं कधी वाकलो नाही.

ती गेली. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले, तर कावळा शिवेना. झाडावर ढीगभर बसलेले, खाली एक येईना. लेकीनं शब्द दिला, "आये, आप्पांकडं मी बघंन." तरी नाय. ऊन तापलं, लोकं कातावली. मेव्हणा म्हणाला, "पावणं, तुमी बोला. तुमच्यात जीव आडाकलाय तिचा."

माझं डोकं फिरलेलं. बोललो, "जा आता. तुझ्या फ्रीजचा टायमर मी फिरवीत जाईन."

लगेच शिवला.

मागून भावकीतली म्हातारी म्हणाली, "बघा, नवऱ्यात न्हवता, फ्रीजात व्हता जीव!" सगळी हसली. मीपण हसलो.

तेव्हापासून अडकलोय. कुणाच्या लग्नाला जाणं नाही, देवाला जाणं नाही. डोळे दाखवायला जुन्नरला निघालो, तर फाट्यावर चहावाल्याचा पंखा थांबला. तसाच माघारी आलो.

लेक लोणीला दिलीय. परवा जावयाबरोबर गाडी घेऊन आली. "आप्पा, चला कायमचं. दुकान भाड्यानं देऊ. नवा टायमर बसवू बॅटरीवाला. लाईट जाऊ न्हाईतर येऊ, त्याचं त्यो बघतो."

"मी फिरवीन म्हनालो व्हतो."

"आवं, कावळा भुकेला व्हता!"

"आसंल. मी कावळ्याला न्हाई बोललो, तुझ्या आईला बोललो."

ती रडायला लागली. मग मीच पिशवी भरली. खरंच निघालो होतो. शटरला हात घातला आणि फ्रीजची घरघर बंद पडली.

"लाईट आली की एकदा फिरवतो आन निघू," म्हणालो.

बसलो तिघं. जावई सारखा रस्त्याकडं बघतोय. लेकीची पोरं घरी शाळेतून यायची झाली, तिला थांबता येईना. गाडीत बसताना म्हणाली, "आई गेली आन तुमाला दावं लावून गेली."

दिवेलागणीला लाईट आली. फ्रीजमागं तिनं गुडघ्याखाली घ्यायला गोणपाटाची घडी ठेवलीय. तीवर टेकलो, घड्याळ बघितलं, तबकडी सरकवली. उठताना फ्रीजलाच धरून उठलो.

पिशवी शटरपाशी होती. ती उचलून आत ठेवली.